आधी बीपीचा कफ बघा

"नवजात बाळाचा बीपी जास्त दिसला की लगेच तपासण्या सुरू करा" हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मी परभणीकडं नवजात कक्षात सिस्टर आहे. परवा एका लेकराचा वरचा आकडा ११० आला. बघते तर दंडाला कफ (बीपी मोजायला बांधतात तो पट्टा) चिमुकला, अन् लेकरू टाहो फोडतंय! कफची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण निम्मी लागते. छोटा बसला की आकडा फुगतो. मापाचा कफ बांधला, १५ मिनिटं लेकराला हात लावला नाही. मग झोपेतच दोन-दोन मिनिटांनी तीनदा घेतला: ७४, ७१, ७२. दारातून आजी विचारतेय, "एवढ्याशा जिवाला कशाचा बीपी हो बाई?" तिला काय सांगावं, आमच्याकडं सगळ्या मापाचे कफच नसतात.