पावणेदोन मीटर

"घरी शिवून परवडतं का गं?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आज एकदाच बसून नीट लिहिते. पोस्ट लांबेल, सांभाळून घ्या.

सरळ उत्तर आधी देते. वेळ धरला तर नाही परवडत. कॉलर, कफ, पुढची पट्टी, सात काजं, सात बटणं असा साधा पूर्ण बाह्यांचा शर्ट मला आजही सुट्टीचे दोन दिवस घेतो, आणि ते दोन दिवस दुसरं काही होत नाही. तरी मी शिवते, आणि जवळजवळ सगळं कटपीस, ठाणाची शेवटं, सेलमधली उरलीसुरली कापडं आणि जुन्या चादरी यातूनच शिवते. लोकांना वाटतं ही काटकसर आहे. काटकसर होतेही, पण माझं म्हणणं वेगळं आहे: शिवण शिकायची असेल तर उरलेलं कापडच घ्या. चांगलं, महागाचं कापड माणसाला शिकूच देत नाही.

हे मी अनुभवानं सांगतेय. मशीन घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक सुंदर कापड आणलं होतं. पूर्ण 3 मीटर. ते तीन वर्षं कपाटात घडी करून पडलं. दर सुट्टीला काढायचे, टेबलावर पसरायचे, खडू हातात घ्यायचे आणि परत घडी घालून ठेवायचे. बिघडलं तर? हा "तर" कात्रीच्या मुठीतच बसलेला असतो. मग एकदा एक तुकडा मिळाला, 1.75 मीटर, पन्हा म्हणजे रुंदी 112 सेंटीमीटर, एका कडेला छपाई सरकलेली. इतका स्वस्त की बिघडला असता तरी जिवाला लागलं नसतं. त्यावर मी त्याच संध्याकाळी कात्री चालवली.

शर्टाला या पन्ह्यात सव्वादोन ते अडीच मीटर लागतं. माझ्याकडे पावणेदोन. मराठीत बेत म्हणजे योजना आणि बेतणं म्हणजे मापात कापणं, हे दोन्ही शब्द एकाच घरातले का आहेत ते मला त्या संध्याकाळी कळलं. शर्टाच्या एकेका भागाचा नमुना असलेले कागदाचे तुकडे कापडावर सरकवत मी दोन तास बसले. मागची बाजू घडीवर, पुढच्या दोन्ही बाजू किनारीला लागून, बाह्या उरलेल्या जागेत एक सुलट एक उलट. बाह्या बसल्या, पण कफाला जागा उरली नाही. मग बाह्या कोपराखालपर्यंतच ठेवल्या. खांद्यामागचा जोड दोन पदरी असतो, त्याचा आतला पदर दुसऱ्या कापडाचा घेतला, कारण तो दिसत नाही. कॉलरची वरची बाजू कशीबशी निघाली. खालच्या बाजूला एका जुन्या उशीच्या अभ्र्याचं पिवळं कापड लावलं. कॉलर दुमडली की तेही झाकलं जातं. पट्टीची आतली बाजूही पिवळीच. शेवटी टेबलावर ओंजळभर कात्रण उरलं, बस.

अडीच मीटर असतं तर यातलं काहीच मला सुचलं नसतं. कागदावर जसं दिलंय तसं ठेवून कापलं असतं आणि कॉलरची खालची बाजू नेमकी कशाला असते हा विचारही मनात आला नसता.

एक चूकही सांगते, कारण ती प्रत्येकाची होते. बाहीचा वरचा गोल पुढे जास्त खोल असतो, मागे कमी. मी डावी बाही उजव्या मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या गोल भागात, बसवली. शिवून झाल्यावर हात पुढे केला की पाठीवर कापड ताणायचं आणि काखेत झोळ यायचा. उसवलं. दुसऱ्यांदा बसवताना चुणी आली. परत उसवलं. तिसऱ्यांदा बसली. सरकलेल्या छपाईचं कापड होतं म्हणून तीनदा उसवायला मन धजावलं. महागाचं असतं तर पहिल्या झोळालाच मी रडून ते कपाटात टाकलं असतं. आता बाही बसवण्याआधी पुढच्या बाजूला एक छोटी खाच मारते आणि मागच्या बाजूला दोन. तेव्हापासून अदलाबदल झालेली नाही.

थोड्या कापडात कपडा बसवणं हे काही गरजेपोटी निघालेलं हलकं काम नाही. जपानी किमोनोचं कापड साधारण 36 सेंटीमीटर पन्ह्याचं आणि 12 मीटरच्या आसपास लांबीचं विणलं जातं आणि ते सरळ पट्ट्यांमध्ये कापतात, जवळजवळ काहीच फेकलं जात नाही. शिवण उसवली की त्याच पट्ट्या पुन्हा जोडून सपाट कापड करता येतं. आपण आज घालतो ते गोल मुंढ्याचे, अंगाला बसणारे कपडे त्या मानानं फार उधळे. कारखान्यात कपडे कापताना साधारण 15 टक्के कापड वाया जातं असं मानलं जातं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांवर रेशनिंग आलं, पहिल्या वर्षी माणशी 66 कूपनं. 1943 मध्ये सरकारनंच "मेक डू अँड मेंड" नावाची पुस्तिका काढली, जुन्यातून नवं कसं करायचं ते सांगणारी. रेशनिंग 1949 पर्यंत चाललं. लोकांनी पडदे कापले, पॅराशूटचं रेशीम मिळालं तर त्याचे आतले कपडे शिवले. अडचणीत शिकलेल्या त्या युक्त्या आजही अगदी तशाच चालतात.

आता कापड निवडण्याबद्दल, कारण खरी कसोटी इथे आहे. स्वस्त कापड स्वस्त का आहे हे आधी ओळखायला हवं. ठाण संपत आलं म्हणून, रंगाचा घाणा (एका वेळी रंगवलेली खेप) जुळला नाही म्हणून, मागणीपेक्षा जास्त विणलं गेलं म्हणून स्वस्त असेल तर डोळे मिटून घ्या. कापडात दोष असेल तर तो कुठे आहे ते पाहा. उजेडासमोर धरलं की भोकं, सुटलेले धागे, विरळ जागा दिसतात. घडीची रेघ उन्हानं फिकी झालीय का बघा, ती रेघ धुऊन जात नाही. चौकड्याचं कापड असेल तर आडव्या रेघा किनारीशी काटकोनात आहेत ना ते तपासा. तिरक्या असतील तर शर्टाच्या दोन बाजू जन्मात जुळणार नाहीत. पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यावर घासा, रंग उतरला तर ते कापड फिक्या कापडाला जोडायचं नाही. एक टोक दोन्ही हातांत धरून ओढा. जुनं, कुजलेलं कापड तिथेच कुरकुरतं.

मी फसलेही आहे. "शुद्ध सुती" म्हणून घेतलेलं कापड घालून पहिल्याच दिवशी अंगाची लाही लाही झाली. तेव्हापासून शंका आली की चार धागे काढून जाळून बघते. चिमट्यात धरून, खाली ताटली ठेवून, शेजारी पाणी ठेवून. सूत कागदासारखं जळतं, वासही कागदाचा, मागे मऊ राखाडी राख. लोकर आणि रेशीम जळक्या केसांसारखं घाण मारतं. पॉलिस्टर वितळतं, आक्रसतं आणि टोकाला कडक मणी होतो. माझ्या त्या शुद्ध सुतीचा मणी झाला. कापड परत गेलं नाही, त्याच्या पिशव्या झाल्या आणि पिशव्यांना ते उत्तम ठरलं. सूत आणि पॉलिस्टर एकत्र विणलेलं असेल तर दोन्ही खुणा दिसतात, म्हणून उभा धागा आणि आडवा धागा वेगवेगळा जाळायचा.

घरी आणलं की पहिलं काम धुणं. कापायच्या आधी, आणि पुढे कपडा जसा धुणार तसंच. सुती कापड 3 ते 5 टक्के आटू शकतं, म्हणजे मीटरमागे 3 ते 5 सेंटीमीटर. पायजम्याची उंची 1 मीटर असेल तर पहिल्या धुण्यात तो घोट्याच्या वर जाऊन बसतो. व्हिस्कोस तर याहूनही जास्त आटतं. वाळलं की इस्त्री करताना ओढायचं नाही, दाबायचं. मग उभा धागा शोधायचा, जो किनारीला समांतर जातो. किनार कापलेला तुकडा असेल तर दोन्ही दिशांनी ताणून पाहा. ज्या दिशेनं कमी ताणतं तो बहुतेक उभा धागा. कागदावरची बाणाची रेघ त्यावरच ठेवायची. थोडं कापड वाचवायच्या मोहानं पायजम्याचा एक पाय तिरका कापलात तर धुतल्यावर तो पाय पिळवटतो आणि शिवण नडगीवर येते. तुकड्याच्या कापडात सगळी तडजोड करा, ही करू नका.

आणि माया ठेवा. शिवणीबाहेर जे जास्तीचं कापड ठेवतो त्याला आपण माया म्हणतो, मला हा शब्द फार आवडतो. मला मशीन शिकवणारे काका एवढंच सांगायचे, "कापड कमी पडलं तर बाही आखूड कर, खिसा गाळ, पण माया कापू नकोस." दीड सेंटीमीटर माया असेल तर कपडा सैल करता येतो, उसवून परत शिवता येतो, दुसऱ्याच्या अंगाला बसवता येतो. तयार कपड्यात हल्ली ती जेमतेम असते, कडेवर धागे सुटू नयेत म्हणून ओव्हरलॉकची शिलाई मारलेली, सोडायला काही शिल्लकच नाही.

सुईबद्दल थोडक्यात. बारीक सुतीला 11 नंबर, नेहमीच्या कापडाला 14, जीनससारख्या जाडाला 16. टीशर्टच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई, नाहीतर टाके सुटतात. टाके सुटायला लागले की बहुतेक लोक मशीनला दोष देतात, पण आधी सुई बदलून बघा.

आता त्या "परवडतं का" कडे परत येते. तयार शर्ट माझ्या शर्टापेक्षा स्वस्त मिळतो हे खरंच. पण कॉलर स्वतः शिवल्यावर ती किंमत बघून माझ्या पोटात कालवतं. यंत्र कितीही वेगवान असो, बाही मुंढ्यात बसवताना कापड दोन हातांनीच धरावं लागतं. कुणीतरी ती बसवली, दिवसभर तेवढंच केलं, आणि त्या शर्टाच्या किमतीत कापड, बटणं, वाहतूक, दुकानाचं भाडं सगळं वजा केल्यावर त्या शिवणारीच्या हातात काय पडलं असेल? 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. त्यात कपड्यांचे कारखाने होते. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशी दिसले होते, तरी लोकांना कामावर बोलावलं गेलं. 1,100 हून अधिक माणसं गेली. मी घरी चार शर्ट शिवल्यानं त्यांचं काही भलं होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तेव्हापासून मी "शिवणं म्हणजे काय, मशीनचंच तर काम" हे वाक्य कुणाकडून ऐकून घेत नाही. आणि विकत घेतलेला कपडाही फाटला की शिवते, फेकत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. स्वस्त कापडाचं व्यसन लागतं. "असू दे, कधीतरी होईल" म्हणत कपाट भरतं आणि न शिवलेलं कापड कितीही स्वस्त घेतलं तरी ते महागच. मी आता प्रत्येक तुकड्याला लांबी आणि पन्हा लिहिलेली चिठ्ठी टाचते आणि हातातला तुकडा शिवून झाल्याशिवाय नवा आणत नाही. निदान तसा प्रयत्न मनापासून करते.

अगदी बारीक तुकडेही टाकू नका. 50 सेंटीमीटरच्या चौकोनातून 4 सेंटीमीटर रुंदीची उरेब पट्टी काढली तर ती साधारण 6 मीटर निघते. एवढ्यात तीन-चार गळे आणि बाह्यांच्या कडा आरामात होतात. उरेब म्हणजे धाग्याला 45 अंशात कापलेली, त्यामुळे ती गोलाईवर वळते, चुण्या पडत नाहीत. विकतच्या पट्टीपेक्षा घरची कितीतरी मऊ.

पहिल्यांदा शिवणार असाल तर पायजम्यापासून सुरुवात करा. जुना, नीट बसणारा एक पायजमा घ्या, एक पाय दुसऱ्यात घालून घडी करा, कागदावर ठेवून कडेनं रेघ मारा, माया द्या, नाडी ओवायच्या नेफ्यासाठी वर चार बोटं जास्त. चारच लांब शिवणी आहेत. जुनी चादर त्याला उत्तम, शेकडो वेळा धुतलेली, आता आणखी आटायची नाही.

पावणेदोन मीटरचा तो शर्ट अजून आहे. सहा वर्षं घातला. गेल्या महिन्यात कॉलरच्या घडीवर धागे निघाले, मानेला टोचायला लागले. कॉलर उसवली, दुमडीवरची झीज सुईनं भरून घेतली, कॉलर उलटी केली आणि त्याच जागी परत शिवली. झिजलेली बाजू खाली गेली आणि अभ्र्याचं पिवळं कापड वर आलं. काल तो घालून बाहेर गेले होते, मैत्रीण म्हणाली, "कॉलर वेगळ्या रंगाची, किती छान दिसतेय, मुद्दाम केलीस का?"