एका गाण्याचे धनी

ताईचा फोन आला की हल्ली मी आधी खुर्ची ओढून बसतो. भाच्याला पुण्यातली आयटीची नोकरी सोडून पूर्णवेळ बँड करायचाय. फॅमिली ग्रुपवर दोन तट पडलेत. काका म्हणतात, चार दिवसांचं खूळ. मावशी म्हणते, "परदेशात बघा, मुलं आवडेल ते करतात." साक्षीदार म्हणून अर्थातच मी, कारण मी इंग्लंडात गिल्डफर्डला राहतो.

तर साक्ष गिल्डफर्डचीच देतो. इथल्या 'द व्हेपर्स' या न्यू वेव्ह, पॉवर पॉप धाटणीच्या रॉक बँडला 'द जॅम' या तेव्हाच्या गाजलेल्या बँडच्या ब्रूस फॉक्स्टनने पबमध्ये ऐकलं आणि आपल्या बँडचा गायक पॉल वेलर याच्या वडिलांसोबत त्यांचं मॅनेजरपण घेतलं. १९८० साली त्यांचं 'टर्निंग जपानीज' हे गाणं ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं, ऑस्ट्रेलियात पहिल्या. (असं नाव आज कुणी ठेवायला धजणार नाही.) पुढचं गाणं 'न्यूज अ‍ॅट टेन', बापलेकाच्या न पटण्याचं. ताईकडे सध्या रोज रात्री तेच चालू असतं! पण त्याच उन्हाळ्यात बीबीसी आपले वाद्यवृंद मोडीत काढतेय म्हणून म्युझिशियन्स युनियनने संप केला, 'टॉप ऑफ द पॉप्स' हा बीबीसीचा गाण्यांचा टीव्ही कार्यक्रम बंद पडला आणि गाणं यादीत पहिल्या चाळीसच्या आत आलंच नाही. १९८१मध्ये दुसरा अल्बमही पडला. खेळ खलास.

गायक डेव्हिड फेंटन पुढे वकील झाला, आणि बरीच वर्षं काम केलं ते त्याच म्युझिशियन्स युनियनसाठी. गिटारवाला एड बॅझलजेट टीव्ही दिग्दर्शक झाला, 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या मालिकेचे भागही त्याने केले. तेव्हा मावशी, आवडेल ते करतात खरं, पण हप्ते इथेही चुकत नाहीत. आमच्या कोपऱ्यावरच्या पबमध्ये गुरुवारी वाजवणारा गडी दिवसा बॉयलर बसवतो. शेवटचं गाणं संपताच कोपराभोवती केबल गुंडाळत घड्याळ बघतो.

काकांनाही एक विचारायचंय. पुरुषोत्तम करंडकात काम केलेला माणूस बँकेतून रिटायर झाला तरी त्या एकांकिकेबद्दल छाती फुगवून सांगतो. त्याला कुणी फसलेला नट म्हणत नाही. मग दोन वर्षं बँड केला तर आयुष्य वाया कसं गेलं? व्हेपर्स २०१६मध्ये पुन्हा एकत्र आले, आणि २०२०मध्ये, तब्बल ३९ वर्षांनी, तिसरा अल्बम काढला. तोवर कुणी उपाशी मेलं नव्हतं.

ताईला म्हटलं, राजीनाम्याऐवजी वर्षभर बिनपगारी रजा मिळते का, ते विचारू दे त्याला. तिने फोन स्पीकरवर ठेवला होता.

"मामा," मागून आवाज आला, "तूपण काकाआजोबांच्याच पार्टीतला निघालास."