स्लॅबच्या दिवशीची पेटी बंद करा

स्लॅब ओतून झाला की संध्याकाळी दारूची पेटी आलीच पाहिजे, हा आमच्याकडच्या साइटवरचा रिवाज. मटण नाहीतर शेवभाजी, आणि सोबत देशी. घरमालक हौसेने देतो, तो विसरला तर ठेकेदार आठवण करून देतो. मीही जळगावात छोटी-मोठी बांधकामं घेतो आणि पंधरा वर्षं ही पेटी मी स्वतः आणून दिली आहे. मजुरांच्या व्यसनावर बोलायचं झालं की सगळे मजुरालाच उपदेश करतात. त्याच्या हातात पहिला ग्लास कोणी दिला, हे कोणी विचारत नाही. बऱ्याचदा तो आपणच दिलेला असतो.

चोपड्याकडून, सातपुड्याच्या पायथ्याहून आलेला अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा माझ्याकडे बिगारी होता. पहिल्या स्लॅबला दिवसभर घमेली उचलली, कोपरापर्यंत सिमेंट. संध्याकाळी "मी नाही घेत" म्हणाला, तर सगळे हसले. मीही हसलो. दोन वर्षांनी तो रोज घेत होता.

माझ्या जुन्या मिस्त्रीचं सांगतो. त्याच्यासारखी भिंत उचलणारा माणूस मी पाहिला नाही. एका सकाळी भिंत सरळ आहे का बघायला त्याने ओळंबा, म्हणजे दोऱ्याला बांधलेलं वजन, सोडला आणि तो थांबेचना. वारा नव्हता. दोऱ्याच्या वरच्या टोकाला त्याची बोटं थरथरत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, ओळंबा खिशात घातला आणि "जरा येतो" म्हणून गेला. वीस मिनिटांनी परत आला तेव्हा हात स्थिर होता. दिवस उजाडताच घेतल्याशिवाय ज्याचा हात चालत नाही, त्याला आपण दुसऱ्या मजल्याच्या परांचीवर चढवतो.

मी त्याला खूप बोललो. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, आंग भलतं दुखस. घेतल्याबिगर झोपच लागत नही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो, लोखंडाला हात लावला तर चटका बसतो. त्या उन्हात आठ-नऊ तास काम केल्यावर रात्री पत्र्याच्या खोलीत झोप कशी लागेल? दारूने अंगदुखी बरी होत नाही, उलट अंगातलं पाणी कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी उन्हात चक्कर येते. रात्री उशिरापर्यंत घेतलेली सकाळी पूर्ण उतरलेलीही नसते. पण हे सांगण्याआधी साइटवर सावली, थंड पाण्याचा माठ आणि दुपारची दोन तास सुट्टी द्यायला नको का?

पगाराचंही तसंच. आपण हजेरीचे पैसे संध्याकाळी अंधार पडताना देतो. घराच्या वाटेवर दुकान उघडंच असतं. मी आता बाजाराच्या दिवशी दुपारी पैसे देतो, काहींचे खात्यावर टाकतो. बायको सोबत आली तर तिच्यासमोर देतो. किराणा आधी भरला जातो, एवढा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे.

आणि एक गोष्ट ठेकेदार भावांनो, मनावर घ्या. बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर लागतो, त्यातून बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजना चालतात. त्यात नोंदीत कामगाराला व्यसनमुक्ती उपचारासाठी मदत आहे. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला देताना आपण "नंतर बघू" म्हणतो. कशाला? माणूस आपल्याकडेच राबला ना? एका सहीसाठी त्याला चार चकरा मारायला लावू नका.

घरच्यांनाही कळकळीने सांगतो. रोज खूप पिणाऱ्याची दारू एका दिवसात जबरदस्तीने तोडू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात न्या, तिथे औषधं देऊन सोडवतात. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर आहे, तो साइटवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

माझ्या मिस्त्रीला मी असाच नेला. पंधरा दिवस मजुरी बुडाली, तेवढी उचल मी दिली आणि कापून घेतली नाही. सात महिने चांगले गेले. मागच्या महिन्यात गावाकडे लग्नाला गेला आणि पुन्हा घेतली. दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी बायकोने फोन केला, "दादा, त्यांना लाज वाटते तुमच्यासमोर यायला." मी म्हटलं, पाठव. तो आला. त्या दिवशी त्याला परांचीवर चढवलं नाही, खाली विटा मोजायला बसवलं आणि हजेरी पूर्ण लावली.

येत्या रविवारी पिंप्राळ्यात स्लॅब आहे. मालकांना आधीच सांगितलंय, पेटी आणायची नाही. त्या पैशात प्रत्येकाला पोटभर जेवण आणि घरी न्यायला एकेक किलो जिलेबी. मिस्त्रीही असेल.