‘सिटी ऑफ गॉड’ ओव्हररेटेड? मग हे वाचा

“सिटी ऑफ गॉड हा जगातला सगळ्यात ओव्हररेटेड पिक्चर” असं सुरू होणारा एक लांबलचक मेसेज गेले काही दिवस मला इकडून तिकडून येतोय, काल तर आमच्या मेव्हण्यानेही पाठवला आणि खाली टाळ्या. मेसेजमधलं म्हणणं थोडक्यात असं, की झोपडपट्टीतले खरेखुरे गुंड गोळा केले, कॅमेरा चालू सोडला, जाहिरातीसारखी फटाफट कापाकापी केली, गुन्हेगारीला ग्लॅमर दिलं, गोऱ्यांना गरिबी विकली आणि वर चार ऑस्कर खिशात घातले. सिटी ऑफ गॉड म्हणजे रिओ दि जानेरोतल्या त्याच नावाच्या वस्तीवरचा २००२ चा ब्राझीलचा पिक्चर. मी तो पाचसहा वेळा बघितलाय, त्यामुळे गप्प बसवेना. (नावं सबटायटलमधली वापरतो, रॉकेट म्हणजे गोष्ट सांगणारा, फोटोग्राफर होऊ बघणारा पोरगा, लिल झी म्हणजे वस्तीतल्या टोळीचा म्होरक्या, वगैरे. पोर्तुगीज नावं माझ्या जिभेला वळत नाहीत.)

आधी सोपं उरकून टाकू. चार ऑस्कर मिळाले नाहीत, चार नॉमिनेशन्स मिळाली. दिग्दर्शन, पटकथा, कॅमेरा आणि एडिटिंग, २००४ च्या सोहळ्यात. हातात आलं शून्य, कारण त्या वर्षी लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या शेवटच्या भागाने ११ च्या ११ उचलली होती, यातली तीनही त्यातच, आणि कॅमेऱ्याचं ‘मास्टर अँड कमांडर’ला गेलं. आदल्या वर्षी ब्राझीलने हा पिक्चर परभाषिक विभागात पाठवला होता, तेव्हा तर तो शेवटच्या पाचातही आला नाही. म्हणजे ऑस्करमुळे मोठा झाला हे काही जमत नाही.

आता “खरे गुंड उभे केले, त्यात कसली ॲक्टिंग”. हे वाचून सगळ्यात जास्त डोकं फिरलं. फर्नांडो मेरेलेस आणि त्याची सहदिग्दर्शक कातिया लुंड (हिचं नाव लोक हमखास विसरतात) यांच्या टीमने रिओच्या वस्त्यांमधून सुमारे २००० पोरांना भेटून त्यातली २०० निवडली आणि शूटिंगच्या आधी कित्येक महिने त्यांची वर्कशॉप्स घेतली. विदिगाल नावाच्या वस्तीत ‘नोस दो मोरो’ म्हणून एक नाटक ग्रुप १९८६ पासून चालू होता, त्यांच्या मदतीने. पोरांच्या हातात पाठ करायला स्क्रिप्ट दिलं नाही, प्रसंग सांगायचा आणि बोला म्हणायचं, आणि ती जे बोलली त्यातून डायलॉग पक्के झाले. लिल झी झालेला लिआंद्रो फिर्मिनो सिटी ऑफ गॉड वस्तीतलाच, पण गुंड बिंड काही नव्हे, मित्राच्या सोबतीला म्हणून ऑडिशनला गेलेला पोरगा! आणि गाजर, म्हणजे लिल झीच्या विरोधातल्या टोळीचा कॅरट, हा मुरलेला नट आहे, मातेउस नाख्टरगेले. तो या नवशिक्या पोरांमध्ये इतका मिसळून गेलाय की वेगळा काढता येत नाही. कॅमेरा चालू सोडला की पिक्चर होत असता तर लग्नाच्या व्हिडिओलाही नॉमिनेशन मिळालं असतं.

एडिटिंगचं म्हणाल तर वेग आहेच, पळणारी कोंबडी आणि सुरीला धार लावतानाचा तो आवाज, सुरुवातच तशी आहे. पण मेसेजवाल्याने अपार्टमेंटचा सीन बहुतेक फोन बघत घालवला. एका फ्लॅटमध्ये ड्रग्जचा धंदा कसा सुरू झाला आणि कोणाकोणाच्या हातून फिरत गेला, एवढंच सांगायचंय. कॅमेरा एका कोपऱ्यात ठेवलाय तो हलतच नाही. आधी संसार असलेलं घर, एक बाई, तिची मुलं, मग माणसं विरघळल्यासारखी जातात, दुसरी येतात, सामान कमी होत जातं, भिंती कळकट होतात, उजेड कमी होतो. एका खोलीत अख्ख्या वस्तीचा इतिहास, दोनतीन मिनिटांत, जागचं न हलता. याला तुम्ही जाहिरात म्हणणार? एडिटर डॅनिएल रेझेंदेचा हा पहिलाच मोठा पिक्चर आणि ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार घेऊन गेला. रंगांकडे बघा, साठच्या दशकात सगळं उबदार, सोनेरी, कॅमेरा शांत, आणि ऐंशीच्या जवळ पोचेपर्यंत सगळं थंड, निळसर, कॅमेरा हातात धरून धावतोय, कारण तिथल्या माणसांनाही उभं राहायला वेळ उरलेला नाही.

“ग्लॅमर”. बरं. बसमधला कंडक्टर आठवतो का? रॉकेट आणि त्याचा मित्र पैसे लुटायला म्हणून बसमध्ये चढतात, कंडक्टर इतका भला निघतो की यांना लुटवत नाही. तो नेड. देखणा, सैन्यात राहून आलेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात. लिल झी त्याच्या मैत्रिणीवर अत्याचार करतो, घरच्यांना मारतो, आणि नेड बंदूक उचलतो. इथे आपला नेहमीचा पिक्चर असता तर शिट्ट्या सुरू झाल्या असत्या, सूड घेणारा हिरो मिळाला ना. हा पिक्चर काय करतो? नेड कॅरटच्या गँगमध्ये येताना अट घालतो, निरपराध माणूस मारायचा नाही. पहिल्या दरोड्यात अट पाळली जाते. दुसऱ्यात जीव वाचवायला म्हणून गोळी चालते, हा अपवाद. तिसऱ्यात अपवादाचा नियम झालेला असतो. आणि पुढे त्याच्याच बाजूने लढायला आलेला एक पोरगा त्याला मारतो, तो नेडने दरोड्यात मारलेल्या एका वॉचमनचा मुलगा असतो. झालं.

आणि हात की पाय वाला सीन. दुकानं लुटणारी दोन पिटुकली पोरं लिल झी पकडतो, विचारतो गोळी कुठे हवी, हातावर की पायावर. ती रडत रडत हात पुढे करतात, हा पायावर घालतो. मग तिसऱ्या पोराच्या हातात पिस्तूल देतो, यातला एक निवड आणि मार. मारणाराही पोरगाच. पहिल्यांदा बघताना मी पॉज करून पाणी प्यायला उठलो होतो, आणि परत बसायला बराच वेळ लागला. हे बघून ज्याला गुंड व्हावंसं वाटेल त्याचा प्रॉब्लेम पिक्चरच्या आधीचा आहे.

“गोऱ्यांना गरिबी विकली” या मुद्द्यात मात्र थोडा दम आहे, तेवढा मान्य करतो. ब्राझीलमध्येच हा वाद जोरात झाला. इव्हाना बेंतेस या समीक्षिकेने असल्या पिक्चर्सना ‘भुकेचं कॉस्मेटिक’ म्हटलं, ब्राझीलचाच दिग्दर्शक ग्लाउबेर रोशा याच्या १९६५ च्या ‘भुकेचं सौंदर्यशास्त्र’ या मांडणीला टोमणा धरून. आणि त्याच वस्तीतला रॅपर एम व्ही बिल भडकला, की पिक्चरमुळे आमच्या पोरांवरचा शिक्का अजून गडद झाला, वस्तीला मिळालं काय? याला माझ्याकडे उत्तर नाही. पण फक्त परदेशासाठी बनवला म्हणाल तर ब्राझीलमध्येच ३० लाखांहून जास्त लोकांनी तो थिएटरात बघितला. आणि मूळ कादंबरी (१९९७) ज्याची, तो पाउलो लिन्स त्याच वस्तीत वाढलेला, अल्बा झालुआर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या हाताखाली तिथल्या गुन्हेगारीच्या अभ्यासाचं काम केलेला. बाहेरून येऊन फोटो काढून गेलेला टुरिस्ट नाही.

मेसेजमध्ये पुढे एक वाक्य आहे, “गरीब मुळातच हिंसक असतात हेच दाखवलंय”. पिक्चर सुरू होतो तेव्हाच रॉकेट सांगतो की लोकांना इथे आणून टाकलं, लाइट नाही, धड रस्ते नाहीत, बस नाही, पोस्टकार्डावरचं रिओ लांब राहिलं. खरंच तसंच झालं होतं, साठच्या दशकात शहराच्या चांगल्या भागातल्या वस्त्या हटवून सरकारने ही घरं लांब पश्चिमेला बांधली, १९६६ च्या पुरात बेघर झालेलेही इथेच आणले. झोपडी पाडून लांब माहुलला पाठवलेल्या मुंबईकराला हे वेगळं समजावायला नको. आणि शेवटी रॉकेटकडे दोन फोटो असतात, एक लिल झीकडून पैसे घेणाऱ्या पोलिसांचा, दुसरा त्याच्या प्रेताचा. पहिला छापला तर नाव होईल पण पोलीस सोडणार नाहीत, दुसरा दिला तर पेपरात नोकरी. तो दुसरा देतो. म्हणजे पेपरात काय छापून येतं? गुंड मेला. पोलीस फ्रेमच्या बाहेर. मेसेजवाल्यानेही पिक्चर त्या पेपरासारखाच बघितला, काय करणार.

खरी तक्रार करायची तर एक होती, ती त्याला सुचली नाही. बायका. अँजेलिका म्हणून एक पोरगी आहे, तिला लिल झीचा जिवलग मित्र बेनी याला घेऊन हे सगळं सोडून निघून जायचंय, बेनी मरतो आणि त्यानंतर ती पिक्चरमधून गायबच. आणि पिक्चरच्या सुरुवातीच्या भागात एक नवरा बायकोला फावड्याने मारून घरातच पुरतो, तो प्रसंग असा उरकलाय की जणू मधला एखादा किस्सा. प्रत्येक वेळी बघताना मला तिथे खटकतं. पोरांच्या मरणाला इतका वेळ देणाऱ्या पिक्चरकडे तिच्यासाठी अर्धा मिनिट नव्हता?