आईचा गौरव झाला, आता पाळणाघराचे बोलू

गेल्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्राच्या राजकारणाने बाईला जितक्या वेळा प्रेमाने हाक मारली, तितकी त्याआधी क्वचितच मारली असेल. जून २०२४ मध्ये अर्थसंकल्पातून लाडकी बहीण योजना जाहीर झाली, नोव्हेंबरमध्ये विधानसभेचे मतदान झाले आणि तेव्हापासून एकही व्यासपीठ असे राहिले नाही, जिथून आम्हाला बहीण, माता, शक्ती यांपैकी काहीतरी म्हटले गेले नाही. मी एका खाजगी कंपनीत हिशेबाच्या विभागात काम करते, मला दोन मुले आहेत, मी नियमाने मतदान करते आणि मनापासून देव मानते. या सगळ्या ठिकाणी माझा भरपूर सन्मान होतो. माझी अडचण सन्मानाची नाही, वेळेची आहे, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण खाली लगेच तसे प्रश्न येतील. अडीच लाखांच्या उत्पन्नमर्यादेमुळे दरमहा १५०० रुपये मिळणाऱ्या बहिणींमध्ये मी बसत नाही, आणि तरीही ‘आमच्या कराचे पैसे वाटले’ हा सूर मला मान्य नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा नियमित येणारी, नवऱ्याला विचारल्याशिवाय काढता येणारी रक्कम आली. त्यातून त्यांनी मुलीची क्लासची फी भरली. या रकमेला नावे ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या पगारातील तेवढे पैसे महिनाभर दुसऱ्याकडे मागून पाहावेत. माझा आक्षेप वेगळाच आहे. पैसे खात्यात टाकणे हे सरकारला जमणारे सर्वांत सोपे काम आहे. ताई सकाळी सहाला घर सोडतात तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा कोणाजवळ असतो, या प्रश्नाला हात घालायचा तर जागा लागते, माणसे लागतात, रोजची देखरेख लागते, आणि त्याचे श्रेय एका दिवसात फलकावर झळकत नाही.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात आणि ती कामे करणाऱ्या पुरुषांची ८८. मुलांची आणि म्हाताऱ्यांची देखभाल या आकड्याबाहेर, वेगळी मोजलेली आहे. हा आकडा मी यजमानांना वाचून दाखवला, तेव्हा ते प्रामाणिकपणे म्हणाले, “मी ८८ च्या वर असेन.” ते आहेतही. पण धुलाईची पावडर संपत आली आहे, धाकट्याची लस पुढच्या आठवड्यात आहे, मोठीला शुक्रवारी चित्रकलेची वही लागणार आहे, हे सगळे डोक्यात वागवण्याची मिनिटे कुठल्याच सर्वेक्षणात येत नाहीत. मुलीच्या शाळेच्या नोंदीत पहिला क्रमांक तिच्या वडिलांचा आहे. तरीही तिला ताप आला की फोन मला येतो. मी शाळेत विचारले, तेव्हा तेथील बाईंनी अगदी सहज सांगितले की वडील मीटिंगमध्ये असतील असे वाटले. मीही त्या वेळी मीटिंगमध्येच होते.

आता पाळणाघराकडे येते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला पाहता येईल, अशीही तरतूद झाली. कागदावर हे सुंदर आहे. प्रत्यक्षात आमच्यासारख्या अनेक कचेऱ्यांत पाळणाघर म्हणजे नोटीस बोर्डावरचा एक कागद असतो. ५० पेक्षा कमी माणसांच्या दुकानांत, दवाखान्यांत, लहान कारखान्यांत आणि लोकांच्या घरांत काम करणाऱ्या बायका तर त्या कागदाच्याही बाहेर आहेत, आणि नोकरी करणाऱ्या आयांपैकी फार मोठा वर्ग नेमका तिथेच आहे.

याहून खोलवरचा दोष खर्च कोणी करायचा यात आहे. राज्य कामगार विमा योजनेत न येणाऱ्या बाईच्या २६ आठवड्यांच्या पगाराचा भार पूर्णपणे तिच्या मालकावर पडतो. परिणामी मुलाखतीत लग्नाचे आणि मुलांचे प्रश्न आडून आडून विचारले जातात, हे अशा मुलाखतीला बसलेल्या कोणत्याही बाईला सांगावे लागणार नाही. आश्चर्य याचे वाटते की हा मुद्दा आपल्याच विधिमंडळात १९२८ साली मांडून झालेला आहे. कारखान्यातील स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला मुंबई विधिमंडळात पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून या खर्चाचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी भूमिका घेतली होती. स्त्रीच्या श्रमाचा फायदा मालकाला मिळतो, त्यामुळे त्याच्यावर काही भार टाकणे गैर नाही, असेही त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. शंभर वर्षे होत आली, आणि राष्ट्राच्या हिताचे बिल अजून एकाच दाराशी जाते आहे.

खालच्या थरात परिस्थिती अधिक कठीण आहे. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईची नेमणूक करावी, असे केंद्राच्या २००५ च्या कायद्यात लिहिलेले होते. उन्हात झाडाच्या फांदीला बांधलेली झोळी मात्र अजूनही दिसते. अंगणवाडी १९७५ पासून आहे, पण ती दिवसाचे काही तास चालते आणि मजुरी दिवसभर असते. शिवाय ती चालवणाऱ्या सेविकेला पगार नव्हे, मानधन मिळते. दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या त्या बाईचे स्वतःचे मूल त्या वेळी कुठे असते, हा प्रश्न मी एकीला विचारला होता. ती हसली आणि म्हणाली, “मोठ्या मुलीजवळ.” म्हणजे एका मुलीची शाळा बुडते, तेव्हा आपली व्यवस्था चालते.

राजकारणात बायका वाढल्या की हे बदलेल, असे मला कॉलेजात असताना वाटत असे, आणि आजही मी ती आशा पूर्ण सोडलेली नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. विधानसभेत मात्र २०२४ मध्ये २८८ पैकी २१ स्त्रिया निवडून आल्या. संसदेने २०२३ मध्ये एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती केली, पण जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांची अट तिला तेव्हाच जोडली गेली. आमची मते लगेच मोजता येतात. जागांसाठी मात्र आधी सगळा देश मोजून व्हावा लागतो.

या जानेवारीत महापालिकांचे मतदान १५ तारखेला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी होते. त्यामुळे हळदीकुंकवांना जो बहर आला, तो पाहण्यासारखा होता. वाण म्हणून डबे मिळाले, पिशव्या मिळाल्या, सगळ्यांवर कोणाचा तरी हसरा फोटो होता. मला हळदीकुंकू आवडते. वर्षातून एकदा शेजारणींच्या घरी निवांत बसायला मिळते, हे काही थोडे नाही. मात्र पक्षाच्या मांडवातही, पूर्वी घरात होत असे तसेच, आमच्या वाड्यातल्या विधवा काकू आत आल्या नाहीत, बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिल्या. मतदार यादीत त्यांचे नाव आहे. कुंकवाच्या ताटापुढे नाही. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि नंतर राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. एका गावाला जे सुचले, ते एवढे पैसे खर्च करणाऱ्या पक्षांना सुचू नये, याचे मला खरोखर वाईट वाटले.

आता देवाविषयी. ऑफिसातील काही मित्रांना वाटते की शिकलेल्या, कमावत्या बाईने एकादशी करणे हे विसंगत आहे. आणि नात्यातील काहींना वाटते की नोकरीमुळे माझ्या हातून सगळे नीट होत नाही. दोघांनाही मी फारसे उत्तर देत नाही. लोकलमध्ये बसायला मिळाले की मी डोळे मिटून नाम घेते, आणि दिवसभरात तेवढाच वेळ असा असतो की ज्यात कोणी माझ्याकडे काही मागत नाही. माझी श्रद्धा ज्या परंपरेतून आली, तिने मला हुकूम देणारा देव शिकवला नाही. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे जाते दाखवतात. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या त्या दासीबरोबर विठ्ठल दळायला बसत असे, शेण्या वेचत असे, तिचे केस विंचरत असे, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. मला या कथेत चमत्कारापेक्षा मोठे काहीतरी दिसते: बाईचा कामाचा ढीग पाहून देव आधी जात्याचा खुंटा धरतो, पूजा नंतर मागतो. तिला कोणी देवी म्हटले नाही. तिच्या कामाला हात लावला.

म्हणून सणांच्या दिवशी मला प्रश्न पडतो की हाच देव मानणाऱ्या घरांत खुंट्याला दुसरा हात का लागत नाही. गौरी-गणपतीची सुटी ही आमच्यासाठी ऑफिसपेक्षा लांब पाळी असते. गेल्या वर्षी मी सोळा भाज्या आणि पाच पक्वान्ने यांऐवजी साधा नैवेद्य करू का, असे सासूबाईंना विचारले. वाद होईल अशी तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, “गौरी माहेरपणाला येते गं, तुझी परीक्षा घ्यायला नाही.” मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, त्यांनी आपल्या नोकरीचे सांगितले. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. माझ्या यजमानांच्या जन्मानंतर त्यांना सांभाळायला कोणी नव्हते, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. त्या राजीनाम्याबद्दल पुढे सगळ्यांनी त्यांचे त्यागमूर्ती म्हणून कौतुक केले. “त्याग कसला, पाळणाघर नव्हतं,” असे त्या म्हणाल्या, आणि विषय बदलला.

आज माझी मुले त्याच सांभाळतात. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात. माझी नोकरी सरकारच्या किंवा कंपनीच्या धोरणावर नव्हे, तर त्यांच्या गुडघ्यांवर चालली आहे. एका बाईची गेलेली नोकरी आणि दुसरीची टिकलेली नोकरी यांचा जामीन एकच बाई असावी, ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते.

निवडणुकीच्या वेळी दारावर आलेल्या प्रत्येक उमेदवाराला मी एकच प्रश्न विचारला: प्रभागातील समाजमंदिर दिवसभर कुलूपबंद असते, तिथे पाळणाघर सुरू करता येईल का? एकाने कल्पना चांगली असल्याचे सांगून दिनदर्शिका दिली. एकीने मात्र वहीत लिहून घेतले. पुढे ती निवडून आली नाही. महापालिकेच्या अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के रक्कम राखून ठेवण्याची तरतूद असते, आणि शिलाई यंत्रे व ब्युटी पार्लरचे प्रशिक्षण यांवर ती खर्च झाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. शिलाई शिकायलाही मूल कोणाकडे तरी ठेवूनच यावे लागते. आमच्या वाड्यातील चौघीजणींनी मिळून प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज दिला आहे: आमच्या प्रभागात या पाच टक्क्यांतून गेल्या तीन वर्षांत काय झाले, समाजमंदिराचे भाडे कोणाकडे जमा होते, आणि सकाळी आठ ते रात्री आठ पाळणाघर चालवायला किती खर्च येईल. पोच मिळाली आहे. पुढच्या गुरुवारी उत्तर विचारायला जायचे ठरले आहे. विधवा काकूही येणार आहेत, फक्त त्यांची पोथी अकराला संपते, म्हणून आम्ही साडेअकराची वेळ धरली आहे. ज्यांच्या प्रभागात असे पाळणाघर चालू आहे, त्यांनी त्याची वेळ, शुल्क आणि जागा कोणाची आहे, हे खाली लिहावे. आम्हाला ते सोबत न्यायचे आहे.