मायक्रोबिट बोर्ड घ्यायलाच हवा असं नाहीये

आठवी-नववीच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की मायक्रोबिट बोर्ड (कोडिंग शिकायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) विकत घेतल्याशिवाय मुलांना कोडिंग शिकताच येणार नाही. त्यासोबत माझ्या जुन्या पोस्टचा स्क्रीनशॉट आहे म्हणून हा खुलासा. मी तेव्हा "बोर्ड लागेल" एवढंच लिहिलं होतं, ते अर्धवट होतं, माझी चूक झाली.

खरं असंय की मायक्रोसॉफ्टचं मेककोड, म्हणजे मायक्रोबिटसाठी कोड बनवायची वेबसाइट, ब्राउझरमध्ये फुकट चालतं, लॉगिनही लागत नाही, आणि त्यातच डावीकडे स्क्रीनवर बोर्ड दिसतो, २५ एलईडी, ए आणि बी बटणं सगळं, बोर्ड हलवल्यासारखं पण करता येतं, टेंपरेचर बदलून बघता येतं, रेडिओचे ब्लॉक (ब्लॉक म्हणजे माउसने ओढून जोडायचे कोडचे तुकडे, रेडिओचे म्हणजे बोर्डांनी एकमेकांना मेसेज पाठवायचे) टाकले तर दुसरा बोर्डपण आपोआप येतो. मी वर्गात हेच वापरते. ब्लॉक्स जमले की तिथेच पायथॉन, म्हणजे टाइप करून लिहायची कोडिंगची भाषा.

बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ११-१२ वर्षांच्या मुलांना हे बोर्ड फुकट वाटले होते, पालकांना खर्चात पाडायला ही गोष्ट निघालीच नव्हती हो. हातात खरा बोर्ड असला की मजा वेगळीच, ते मान्य, पण तो नंतर, शाळेत चार-पाच असले तरी आळीपाळीने भागतं.

कुणीतरी उसने पैसे काढून किट घेईल याची मला खरंच काळजी वाटते. तो स्क्रीनशॉट प्लीज पुढे पाठवू नका, आणि जिथे पाठवला असेल तिथे हे टाका.