सगळे बिझी, कार्ड जागच्या जागी

सॉफ्टवेअरमधल्या टीम लीड मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. टीम ‘ट्रॅकवर’ ठेवण्याचे चार नियम: प्रत्येकाच्या नावावर कायम तीन-चार टास्क चालू दिसू द्या, टास्क आली की आधी तासांचा अंदाज घ्या, रोज सकाळी प्रत्येकाकडून हिशेब घ्या, उशीर दिसला की माणसं वाढवा. गेल्या आठवड्यात तो मला तिसऱ्यांदा आला, म्हणून हा खटाटोप.

पहिल्या नियमातच घोळ आहे. रिकामा बसलेला माणूस लगेच डोळ्यांत खुपतो, पडून राहिलेलं काम खुपत नाही. माझ्या आधीच्या टीममध्ये प्रत्येक कामाचं एक कार्ड बोर्डावर असायचं, काम पुढे गेलं की ते उजवीकडच्या रकान्यात सरकायचं. रिफंडच्या एका बगचं, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीचं, कार्ड अकरा दिवस ‘रिव्ह्यू’च्या (दुसऱ्याने कोड तपासायच्या) रकान्यात पडून होतं. कोड तयार, जेमतेम चाळीस ओळी. पण पाचही जणांच्या हातात आपापली तीन-तीन कार्डं, त्यामुळे रोज स्टँडअपला, म्हणजे सकाळच्या छोट्या बैठकीत, एकच उत्तर: ‘रिव्ह्यू पेंडिंग’. शेवटी क्लायंटचा फोन आला आणि रिव्ह्यू वीस मिनिटांत उरकला. यामागचं गणित अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्येच सिद्ध केलंय. आठवड्याला पाच कामं संपवणाऱ्या टीमने कायम पंधरा उघडी ठेवली, तर एका कामाला सरासरी तीन आठवडे लागणार. दहा ठेवली तर दोन. म्हणून रकान्याला मर्यादा हवी. रिव्ह्यूत तीन कार्डं असतील तर चौथं तिथे ढकलायचं नाही, आधी त्यातलं एक हातावेगळं करायचं.

अंदाजाचं म्हणाल, तर मायक्रोसॉफ्टच्या आयटी विभागाची हैदराबादमधली एक छोटी टीम आठवते. काम कंपनीच्याच अंतर्गत सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीचं. नव्या मागणीचा अंदाज ४८ तासांत द्यायचा असा दंडक होता आणि टीमचा तिसरा हिस्सा वेळ, कधी त्याहूनही जास्त, त्यातच जायचा. मागणी पूर्ण व्हायला पाच महिने लागत. २००४ मध्ये मॅनेजर द्रागोश दुमित्रिउ यांनी कंपनीतलेच सहकारी डेव्हिड अँडरसन यांच्या मदतीने हे अंदाज बंद केले आणि हातातल्या कामांवर मर्यादा घातली. नऊ महिन्यांत पाच महिन्यांचे दोन आठवडे झाले. कोडिंग-टेस्टिंगची पद्धत तीच राहिली. (कॉन्ट्रॅक्टची किंमत ठरवताना अंदाज लागतोच, तिथे माझा वाद नाही.)

चौथा नियम इथेच निकालात काढतो. त्या टीमनेही माणसं वाढवली. पण काम टेस्टिंगमध्ये नव्हे तर डेव्हलपमेंटमध्ये तुंबतंय हे कळल्यावर आणि एक जागा टेस्टिंगकडून तिकडे वळवून झाल्यावर. उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं ओतली की तो आणखी लांबतो, हे सॉफ्टवेअर अभियंते फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलंय. नव्या माणसाला शिकवायला जुनाच माणूस बसवावा लागतो, दुसरं काय!

राहिला सकाळचा हिशेब. ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे स्टँडअपचे तीन ठरलेले प्रश्न खुद्द स्क्रम गाइडनेही (स्क्रम या टीमच्या कामाच्या पद्धतीची अधिकृत पुस्तिका) २०२० च्या आवृत्तीत गाळले. आम्ही आता बोर्ड उजवीकडून वाचतो. संपत आलेलं कार्ड आधी घ्यायचं आणि एवढंच विचारायचं, ‘हे कालपासून का हललं नाही?’ पहिल्याच दिवशी सात मिनिटांत आटोपलं. नवा मुलगा वहीत टास्कची यादी लिहून आला होता. ‘सर, माझा नंबर?’ म्हणाला. त्याची दोन्ही कार्डं आदल्या संध्याकाळीच पुढे सरकली होती, त्याला विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.